मूळ बांधकाम

नीलाक्षी तळपदे पहिल्यांदा आली ती ठाकुरद्वारच्या माझ्या ऑफिसात,
दुधाच्या पिशवीत पिंपळाचं रोप घेऊन.
मुळाला अजून प्लास्टर चिकटलेलं.
म्हणाली, केळसकर, हे भिंतीला किती जोरानं ढकलतं?
मी कोड उघडला. त्यात वारा होता, भूकंप होता,
गच्चीवरच्या टाकीतलं पाणी होतं.
पिंपळ नव्हता.
मग लिहून काढा, म्हणाली,
आणि माझ्या पेल्यातलं पाणी रोपाला घातलं.

ते एकोणनव्वद साल.
माझगावच्या गोदामाची मागची भिंत, कुर्ल्याच्या दगडाची.
महापालिकेची माणसं सोमवारी ॲसिड घेऊन यायची होती.
शनिवार-रविवार ती परांचीवर,
दगडाआड मूळ कुठून कुठे गेलं असेल
त्याचा नकाशा दगडावर चुन्यानं काढत.
खाली तिमण्णा शिडी धरून, शिव्या देत.
मी फटीवर काचेची एक पट्टी डकवली.
भिंत हलली तर ती तडकते.
एवढंच माझं काम.

सोमवारी माणसं आली. वर बघत राहिली.
मुकादम म्हणाला, साहेबांना विचारून येतो.
तो अजून यायचा आहे.
पेपरात तीन ओळी आल्या, नाव नीलांबरी छापून.

पुढचं सगळं कॅटलॉगात आहे.
नाही ते सांगतो.

लोअर परळच्या टॉवरची लॉबी.
बिल्डरला हिरवी भिंत हवी होती: माती नको, पाणी नको.
तिनं प्लास्टिकची चार हजार पानं लावली,
एकेका पानाला सुईनं किडीची भोकं पाडून.
कुणाच्या लक्षात आलं नाही.
त्या पैशांत शिवडीची भिंत झाली,
शिंपल्यांचा चुना, मालाडचा दगड,
आणि भरतीला आत यायला गुडघ्याएवढं दार.
उद्घाटनाचे पाहुणे पाच वाजता निघून गेले.
पाणी सव्वासहाला आलं.
आम्ही तिघं होतो, आणि खेकडे.

भायखळ्याची कमान पडली, तेही सांगायला हवं.
मंगळवार, दुपार. खाली एक मांजर होतं, वाचलं.
ओला बांबू जड होतो हे मी धरलं होतं,
वेल फक्त उन्हाच्या बाजूनं चढेल
हे धरलं नव्हतं.
पत्रकारांना ती म्हणाली, चूक माझी, मी वेलीला विचारलं नाही.
रात्री फोन: केळसकर, जेवलात का?
जेवलो नव्हतो. जेवलो म्हणालो.

आता फोर्टात पस्तीस वर्षांचं प्रदर्शन.
एसी. हवेतली ओल मोजायचं यंत्र,
क्युरेटर पोराला आकडा पन्नासवर हवा.
शेवाळ तिसऱ्या दिवशी तपकिरी पडलं.
रात्रपाळीच्या बाबू गोठणकरानं
मागची खिडकी बोटभर उघडी ठेवली, कुणाला न सांगता.
ओल आली, मुंग्याही आल्या.
ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी
त्याच्यासाठी भरल्या पापलेटाचा डबा आणला.

आणि त्याच आठवड्यात पत्र:
माझगावचं गोदाम धोकादायक, तपासणी करून अहवाल द्यावा.
नेमकं मलाच.

गेलो. पिंपळ दुमजली झालाय.
चुना कधीच धुऊन गेला, एक-दोन रेघा उरल्यात,
आणि मूळ तिनं आखलं होतं तिथून गेलंच नाही.
पार डावीकडून उतरलंय,
खिडकीची चौकट काखेत मारून.
काचेची पट्टी तडकलेली.
कधी, ते पट्टी सांगत नाही.
हातोडीनं ठोकत गेलो.
जिथे दगड पोकळ वाजायला हवा होता
तिथे लाकूड वाजलं.

तिला फोन लावला. म्हटलं, तुमची रेघ चुकली.
बराच वेळ हसत होती. मग खोकली. मग:
भार किती, केळसकर?

फॉर्म समोर आहे.
रकाना चौथा: मूळ बांधकामाचा प्रकार.
'मूळ'खाली मी एक रेघ ओढली आहे.
पुढे अजून काही लिहिलेलं नाही.